अर्ध्या सीटचा ताळेबंद : पीएमपीचं कोरोना वर्ष कसं वाचायचं?

वरकुट्यात बसून पुण्याच्या सिटी बसवर बोलायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न येणारच, की बाबा, आपल्याकडं तर एसटी येते, तीही यायची तेव्हा येते, मग पीएमपीचं आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो.

इंदापूर-बारामतीकडून पुण्याला जाणारा माणूस एसटीनं भिगवण, पाटस, यवत करत हडपसरला उतरतो, नाही तर स्वारगेटला. पण त्याचं काम हडपसरच्या स्टँडवर नसतं. कुणाला खराडीला जायचं असतं, कुणाला भोसरीच्या कारखान्यात, कुणाला ससूनला पेशंटजवळ. म्हणजे दीडशे किलोमीटरचा प्रवास एसटी करते आणि शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर पीएमपी करते. ते दहा किलोमीटर तुटले की अख्खा प्रवास तुटला. आपल्या भागातल्या प्रत्येक वाडीवस्तीतली दोन-चार पोरं पुण्यात कॉट बेसिसवर राहतात, त्यांचा महिन्याचा हिशेब पीएमपीच्या पासावर चालतो. तेव्हा पीएमपीचं वर्ष कसं गेलं, हा प्रश्न आपलाही आहे.

आता विषय. पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड, म्हणजे पीएमपी, ही 2007 साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झालेली कंपनी. लक्षात घ्या, ही कायद्यानं कंपनी आहे. तिला ताळेबंद आहे, संचालक मंडळ आहे, वर्षाचा अहवाल आहे. आणि तिची जी संचलन तूट येते, म्हणजे गाड्या चालवण्याचा खर्च वजा मिळालेलं उत्पन्न, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीस या प्रमाणात भरून काढत आल्यात. कोरोनाच्या वर्षांबद्दल पेपरात तुम्ही वाचलं असेल ते एवढंच, की तोटा वाढला, तूट फुगली, महापालिकेवर बोजा पडला. हे खोटं नाही. पण वर्षाची कामगिरी एवढ्यावर ठरवली तर आपण चुकीचा निकाल देतो, असं माझं म्हणणं आहे. चुकीचा म्हणजे पीएमपीला फार कडक, असं नाही. काही बाबतीत फार कडक आणि काही बाबतीत फारच सौम्य. जिथं तिनं चांगलं काम केलं तिथं अहवाल तिला नापास करतो, आणि जिथं तिनं खरोखर हात वर केले तिथं अहवालात काही दिसतच नाही.

हे कसं होतं ते समजायला बस कंपनीचा अहवाल कशानं बनतो ते बघू. त्यात तीन-चार आकडे राजे असतात. पहिला, प्रति किलोमीटर उत्पन्न. गाडी एक किलोमीटर धावली की किती रुपये आले. दुसरा, प्रति किलोमीटर खर्च. तिसरा, भारमान. एसटीत काम केलेले कुणी इथं असतील तर त्यांना भारमान झोपेतही विचारलं तरी सांगता येईल. (हशा) गाडीत जेवढ्या जागा, त्यातल्या किती भरल्या, याची टक्केवारी म्हणजे भारमान. चौथा, ताफ्यातल्या किती गाड्या रस्त्यावर होत्या. मग ब्रेकडाउन किती, दर लाख किलोमीटरला अपघात किती, असं पुढं.

हे आकडे वाईट नाहीत. साध्या वर्षात ते फार उपयोगी पडतात. कुठल्या मार्गावर गाडी उगाच फिरतेय, कुठल्या आगारात डिझेल जास्त जातंय, हे त्यावरून कळतं. पण साथीच्या वर्षात सरकारचा आदेश काय होता? एका सीटवर एकच माणूस, उभं कुणी राहायचं नाही. म्हणजे नियम पाळून गाडी शिगोशीग भरली तरी भारमान पन्नासच्या वर जाणार नाही. पूर्ण मार्क मिळवणाऱ्या पोराला पेपरच पन्नास मार्कांचा द्यायचा आणि निकाल शंभरपैकी लावायचा, तसं हे झालं. त्या वर्षातलं भारमान मागल्या वर्षाच्या भारमानाशेजारी एकाच तक्त्यात छापायचं आणि मधे 'घट' असा रकाना घालायचा, याला मी आकडेवारी म्हणत नाही. निदान एक वेगळा रकाना तरी हवा, की परवानगी असलेल्या जागांपैकी किती भरल्या. तो आकडा दिला असता तर वाहक-चालकांनी काय केलं ते दिसलं असतं.

आता थोडं गणित करू. फळा नाही, तेव्हा आकडे सोपे घेतो. हे पीएमपीचे खरे आकडे नाहीत, समजण्यापुरते धरलेत. समजा एक गाडी दिवसाला 200 किलोमीटर धावते. चालक-वाहकाचा पगार, आगाराचा खर्च, विमा, घसारा, कर्जाचं व्याज, असं सगळं मिळून रोजचे 10,000 रुपये. हे गाडी उभी असली तरी लागतात. डिझेल किंवा सीएनजी, टायर, ऑइल हे किलोमीटरला 25 रुपये, म्हणजे 200 किलोमीटरला 5,000. एकूण खर्च 15,000. साध्या दिवशी किलोमीटरला 50 रुपये उत्पन्न, म्हणजे 10,000. रोजचा तोटा 5,000. सिटी बस ही अशीच असते, जगात बहुतेक ठिकाणी ती तिकिटावर चालत नाही, याचा धक्का घेऊ नका.

आता कोरोना. अर्धी गाडी. उत्पन्न 5,000 वर आलं. खर्च तोच 15,000. तोटा 10,000. दुप्पट झाला! लगेच बातमी, की पीएमपीचा तोटा दुप्पट.

आणि गाडी आगारातच उभी ठेवली तर? उत्पन्न शून्य. डिझेल वाचलं, खर्च 10,000. तोटा किती? 10,000.

परत सांगतो. अर्धी गाडी चालवली तरी तोटा 10,000 आणि उभी ठेवली तरी तोटा 10,000. पैशाच्या बाजूनं दोन्ही सारखं. फरक एवढाच, की एकात दोनशे-तीनशे माणसं कामावर पोचली आणि दुसऱ्यात नाही पोचली. समजा अगदी पाव गाडीच भरली, उत्पन्न 2,500 आलं, तर तोटा 12,500. उभ्या गाडीपेक्षा अडीच हजार जास्त. त्या दिवशी त्या गाडीनं दोनशे माणसं नेली असतील, तर माणशी साडेबारा रुपये जादा पडले. साडेबारा रुपयांत एक नर्स दवाखान्यात पोचली. महाग आहे का?

गंमत पुढं आहे. अहवाल प्रति किलोमीटरमध्ये लिहिला जातो. अर्धी गाडी चालवली तर तिथं दिसतं, किलोमीटरला 50 रुपये तोटा. भयंकर. पण उभी गाडी एकही किलोमीटर धावलेली नाही. तिचा प्रति किलोमीटर तोटा काढायलाच येत नाही, शून्यानं भागाकार होतो. म्हणजे ती तक्त्यातल्या मार्गांच्या यादीतून गायबच होते. मार्गवार यादी लावून बघणाऱ्याला धावलेली गाडी गुन्हेगार दिसते आणि उभी असलेली दिसतच नाही.

इथं एक पोटभेद सांगायला हवा. हे गणित कंपनीच्या स्वतःच्या गाडीचं आहे. पीएमपीच्या ताफ्यात ठेकेदारांच्या गाड्याही मोठ्या संख्येनं आहेत. त्यांना किलोमीटरमागं पैसे द्यायचे असतात, चालक ठेकेदाराचा. ती गाडी उभी ठेवली की कंपनीचा जवळजवळ सगळा खर्च वाचतो. अशा करारांत बहुधा किमान किलोमीटरची हमी असते, मग साथीत ती हमी लागू की नाही, यावर भांडण. म्हणजे ठेक्याच्या गाडीत बंद ठेवण्याचा मोह जास्त. गेल्या काही वर्षांत सगळ्याच सिटी बस कंपन्या ठेक्याकडं वळल्यात, बेस्टसुद्धा. पुढच्या संकटात गाड्या चालू ठेवायच्या की बंद, हे या करारांच्या कलमांनी ठरणार आहे. या गोष्टीची चर्चा फारशी होत नाही, म्हणून मुद्दाम थांबलो.

आता तारखा बघू. मार्च 2020 च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं बंद झालं. पीएमपी फक्त अत्यावश्यक सेवेसाठी राहिली. दवाखाने, सफाई, पाणीपुरवठा, पोलीस यांची माणसं ने-आण करायची. ते काम पीएमपीनं केलं, त्याबद्दल कुणी हलकं बोलू नये. त्या एप्रिल महिन्यात आपल्या भागातल्या कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते बंद केले होते, पुण्याहून आलेल्या सख्ख्या भावाला माणसं अंगणात उभं करत नव्हती. त्या दिवसांत चालक आणि वाहक रोज अनोळखी माणसं गाडीत घेऊन ससूनपर्यंत, नायडूपर्यंत जात होते. पुण्यात 'पुष्पक' ही शववाहिनीही पीएमपीच चालवत आलेली आहे. त्या वर्षात ती सेवा काय झाली असेल याची कल्पना करा. आता सांगा, शववाहिनीचं भारमान कुठल्या रकान्यात लिहिणार?

हे झालं चांगलं काम, जे अहवालात तोटा म्हणून येतं.

आता दुसरी बाजू. सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुण्यात पीएमपी सुरू झाली ती 3 सप्टेंबर 2020 ला. मधल्या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये मोजक्या मार्गांवर गाड्या निघाल्या होत्या, ते सोडू. पण पुण्यात 1 एप्रिल ते 2 सप्टेंबर मोजले तर 155 दिवस होतात. आर्थिक वर्षाच्या 365 दिवसांपैकी 155 दिवस साध्या माणसाला बस नाही. आणि सुरू झाली तीही ताफ्याच्या साधारण पाव भागानं.

लोक म्हणतील, साथ होती हो, बंद ठेवायलाच पाहिजे होती. एप्रिल-मे मधे, मान्य. जुलैत पुण्यात 14 ते 23 असा परत कडक लॉकडाऊन लागला, तेही मान्य. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुणे देशातल्या सगळ्यात जास्त रुग्ण असलेल्या शहरांत होतं, हेही खरं. पण त्याच काळात, म्हणजे जूनपासून, टप्प्याटप्प्यानं दुकानं उघडत होती, कारखाने सुरू होत होते, खासगी ऑफिसांना काही टक्के माणसं बोलवायची मुभा होती. म्हणजे शहरानं माणसाला सांगितलं, कामावर ये. आणि त्याच शहरानं सांगितलं, कसा येणार ते तुझं तू बघ. ज्याच्याकडं गाडी होती तो आला. ज्याच्याकडं नव्हती तो चालत आला, तिघं एका मोटारसायकलवर बसून आला, टेंपोच्या हौद्यात उभा राहून आला. बसमध्ये एका सीटवर एक माणूस आणि खिडक्या उघड्या, यापेक्षा टेंपोचा हौदा सुरक्षित होता का? हा हिशेब कुणी केला नाही, कारण टेंपोचा अहवाल निघत नाही.

मुंबईशी ताडून बघा. बेस्टच्या गाड्या लॉकडाऊनभर अत्यावश्यक सेवेसाठी चालू होत्या आणि 8 जून 2020 पासून त्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. तेव्हा मुंबईची अवस्था पुण्यापेक्षा बरी नव्हती, उलट वाईट होती. लोकल सामान्य माणसाला बंद, म्हणून सगळा भार बेस्टवर आला. बेस्टला गाड्या आणि माणसं कमी पडली तेव्हा राज्यातल्या एसटीच्या आगारांतून चालक-वाहक मुंबईत पाठवले, अगदी सांगलीसारख्या विभागातून. त्यातल्या बऱ्याच जणांना कोरोना झाला. बेस्टच्या कर्मचाऱ्यांनी तर जिवानिशी किंमत मोजली. म्हणून मी असं म्हणत नाही, की मुंबईनं केलं ते सगळं पुण्यानं डोळे मिटून करायला हवं होतं. माझं म्हणणं असं, की तीन महिने आधी बस सुरू करण्याचा निर्णय शक्य होता, शेजारच्या शहरानं तो घेतला होता, आणि पुण्यानं घेतला नाही. त्याला 'कोरोनामुळे सेवा बंद होती' असं लिहिणं बरोबर नाही. कोरोना बस बंद करत नाही. बस बंद करण्याचा आदेश माणूस काढतो, त्यावर सही असते. मराठीत ही एक मोठी सोय आहे बघा, 'मुळे' लावला की कर्ता नाहीसा होतो. पावसामुळे रस्ता खचला, कोरोनामुळे फेरी बंद झाली.

दुसऱ्या लाटेत हे आणखी उघड दिसलं. 3 एप्रिल 2021 पासून पुण्यात निर्बंध आले. संध्याकाळी सहानंतर संचारबंदी, हॉटेलं बंद, आणि पीएमपी बंद. त्या आदेशापुरतं बघितलं तर दिवसा दुकानं आणि कामं सुरू राहणार होती. म्हणजे लक्ष्मी रोडवरचं दुकान उघडं, पण दुकानात काम करणारी बाई हडपसरहून येणार कशी? त्यावर पुण्यात आंदोलनही झालं. दोन-तीन दिवसांत राज्याचे आणखी कडक नियम आले आणि तो प्रश्न मागं पडला. पीएमपी परत सुरू झाली जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, अर्ध्या क्षमतेनं. म्हणजे 2021-22 या वर्षातले आणखी साधारण दोन महिने गेले.

या दोन वर्षांच्या हिशेबात एक खुबी लपलेली आहे, ती पकडून ठेवा. 2020-21 हे वर्ष इतकं खाली गेलं, की त्याच्या पुढच्या वर्षाची तुलना त्याच्याशी केली की सगळीकडं वाढ दिसते. प्रवासी वाढले, उत्पन्न वाढलं, किलोमीटर वाढले. आजारातून उठलेल्या माणसाचं वजन वाढलं म्हणून त्याला पहिलवान म्हणायचं का? तुलना करायची तर 2019-20 शी करा, तेही शेवटचा आठवडा वगळून. साथीच्या आधी पीएमपीतून रोज साधारण दहा-अकरा लाख माणसं जात होती. प्रश्न असा विचारायचा, की त्यातली किती परत आली, आणि जी आली नाहीत ती गेली कुठं? पुण्यात त्याचं उत्तर सिग्नलला उभं राहिलं की दिसतं. दुचाकीच्या हप्त्यावर. एकदा माणसानं हप्ता सुरू केला की तो बसकडं परत येत नाही, निदान हप्ता फिटेपर्यंत तरी. 155 दिवसांची खरी किंमत ही आहे, आणि ती कंपनीच्या ताळेबंदात नाही, आपल्या पोरांच्या पगारातून कापली जाते.

बाहेरच्या देशांचं उदाहरण देताना जपून द्यावं लागतं, त्यांच्याकडं पैसा आहे वगैरे. तरी एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये एप्रिल 2020 मध्ये बसच्या पुढच्या दारानं चढणं बंद केलं, मधल्या दारानं चढायचं, तिकीट नाही. कशासाठी? चालकाजवळ गर्दी नको म्हणून. न्यूयॉर्कनंही मार्चअखेर मागल्या दारानं चढायची पद्धत लावली आणि ऑगस्टअखेरपर्यंत तिकीट घेतलं नाही. उत्पन्न बुडालं, मान्य. पण गाड्या चालू ठेवल्या. लंडनच्या वाहतूक यंत्रणेला सरकारनं मे 2020 मध्ये 160 कोटी पौंडांची मदत केली, त्याला बऱ्याच अटी घातल्या, त्यावर तिथंही भांडणं झाली. अमेरिकेच्या मदत कायद्यात तर देशभरच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी 2,500 कोटी डॉलर वेगळे काढले. तिथला विचार सरळ होता, की आधी गाडी चालू ठेवा, पैशाचं बघू. आपल्याकडं क्रम उलटा. आपल्या एसटीचं बघा, 2020 ची दिवाळी आली तेव्हा कर्मचाऱ्यांचे तीन-तीन महिन्यांचे पगार थकलेले होते. मग राज्य सरकारनं 1,000 कोटींची मदत जाहीर केली. त्याच एसटीनं मे महिन्यात लाखो परप्रांतीय मजुरांना फुकट राज्याच्या सीमेवर नेऊन सोडलं होतं. आणि तीच एसटी तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारला भरत आलेली आहे. एका हातानं घ्यायचं, दुसऱ्या हातानं द्यायचं आणि देताना 'मदत' म्हणायचं.

पीएमपीकडं परत येऊ. जुलै 2021 मध्ये 'पुण्यदशम' आली. दहा रुपयांत दिवसभर कुठंही, छोट्या गाड्या, शहराच्या मध्यभागात. मला या योजनेबद्दल दोन्ही बाजूंनी बोलायचंय. स्वस्त तिकीट ही गोष्ट चांगली. बेस्टनं जुलै 2019 मध्ये किमान तिकीट पाच रुपये केलं तेव्हा तिथं प्रवासी वाढले होते, हे डोळ्यासमोर होतं. पण पुण्यानं स्वस्ताई कुठं आणली? पेठांत. जिथं माणूस वीस मिनिटांत चालत पोचतो तिथं. वाघोली, मांजरी, फुरसुंगी, जिथं आपली माणसं राहतात, तिथं फेऱ्यांची वारंवारता साथीआधीसारखी होते की नाही हा प्रश्न होता, तिकीट किती हा नव्हता. गाडीच येत नसेल तर तिकीट पाच रुपये असो की पंधरा. योजनेचं उद्घाटन होतं, फेरीच्या वारंवारतेचं उद्घाटन होत नाही, फीत कुठं बांधणार? (हशा)

आता जरा गावाकडं. आपल्या तालुक्याला पुढचा घाव साथीनं घातला नाही, संपानं घातला. 4 ऑक्टोबर 2021 ला ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. पोरं परत शाळेत गेली. आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो जवळपास सगळ्या आगारांत पसरला, आणि एप्रिल 2022 मध्ये हायकोर्टानं कामावर परत यायची मुदत दिल्यावर मिटला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या चूक होत्या असं मी म्हणणार नाही, ज्यांचे पगार थकले त्यांनी काय करायचं होतं? पण ज्या मुलीला फुकट पास आहे आणि गाडीच नाही, तिच्यासाठी ते शालेय वर्ष दुसऱ्यांदा बुडालं.

त्या संपाच्या काळात पीएमपीनं शहराबाहेर, ग्रामीण मार्गांवर गाड्या वाढवल्या. वरकुट्यापर्यंत नाही आल्या त्या, पण पुण्याच्या आसपासच्या तालुक्यांतल्या लोकांना मोठा आधार झाला. मग संप मिटला. एसटीनं सांगितलं, आता तुमच्या गाड्या आमच्या मार्गावरून काढा. आणि नोव्हेंबर 2022 पासून पीएमपीनं टप्प्याटप्प्यानं काही ग्रामीण मार्ग बंद करायला घेतले. दोन सरकारी वाहतूक संस्था, दोघींनाही तोटा, आणि दोघींचं भांडण प्रवाशावरून. बरं, प्रवासी कुणी न्यायचा यावर भांडण झालं, तो नेला जातोय की नाही यावर कुणाचंच नाही. बंद करताना कारण तेच, उत्पन्न कमी. म्हणजे जे प्रति किलोमीटरचं माप साथीच्या वर्षात कामाचं नव्हतं, तेच माप घेऊन नंतर मार्ग कापले गेले. यासाठी मी मघाशी एवढं गणित केलं. आकड्याची चूक कागदावर राहत नाही, ती थांब्यावर येऊन उभी राहते.

आपल्याकडची मुक्कामी गाडी आठवा. संध्याकाळी गावात यायची, चालक-वाहक देवळात नाही तर शाळेत झोपायचे, सकाळी पोरं आणि दूधवाले घेऊन निघायची. मुक्कामी गाडीचं प्रति किलोमीटर उत्पन्न कधीच चांगलं नव्हतं. रात्री येताना निम्मी रिकामी, भत्ता वेगळा. तरी ती होती, कारण तिच्यावर शाळा आणि दवाखाना अवलंबून होता. 2020 नंतर राज्यभर कितीतरी गावांत ती परत आलीच नाही. कुणी ती बंद केल्याचा आदेश दाखवू शकत नाही. साथीत थांबली आणि सुरू करायला कुणी सांगितलं नाही. मुक्कामी गाडीला भारमानाचा निकष लावला की ती जाणारच.

नंतरच्या काळात चित्र थोडं बदललं हेही सांगायला हवं. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली, मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात. गाड्या भरल्या. मग काही जण म्हणायला लागले, बघा, सवलतीनं एसटी वाचवली. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, म्हणजे जी रक्कम आधी 'तूट' म्हणून नाक मुरडत द्यायची, ती आता 'सवलतीची भरपाई' म्हणून जाते. पैसा सरकारचाच. पण एका नावानं तो दिला की आगारप्रमुखाची मान खाली जाते आणि दुसऱ्या नावानं दिला की मंत्र्याचा फोटो लागतो. पीएमपीच्या तुटीकडंही याच नजरेनं बघा. महापालिकेच्या सभेत साठ-चाळीसचा विषय आला की नगरसेवक विचारतात, हे किती दिवस पोसायचं? रस्ता पोसतो का आपण? उड्डाणपुलाचं भारमान कुणी विचारतं का?

एक टीका पीएमपीच्या बाजूनंही करता येते, ती टाळत नाही. कंपनी म्हणेल, आम्ही हात बांधलेले. अध्यक्ष सरकारी अधिकारी, दर एक-दोन वर्षांनी बदली. साथीच्या पहिल्याच वर्षात, 2020 च्या उन्हाळ्यानंतर खुर्ची बदलली, आणि त्यानंतर वर्षभरात परत. बस सुरू करायची की नाही हे महापालिका आयुक्त ठरवणार, निर्बंध राज्य ठरवणार, पैसे दोन महापालिका देणार. मग आमची कामगिरी म्हणजे काय? याला माझं उत्तर असं, की मग हेच अहवालात लिहा. कुठल्या तारखेला सुरू करायची तयारी होती, कुणाची परवानगी कधी मागितली, कधी मिळाली. तेवढं एक पान लिहिलं असतं तरी तो अहवाल वाचण्यासारखा झाला असता.

शेवटाकडं एक कामाची गोष्ट. बस कंपनीच्या प्रत्येक आगारात, पीएमपी असो की एसटी, रोजची एक नोंद असते. आज किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती सुटल्या, किती रद्द झाल्या, आणि रद्द का झाल्या. चालक नव्हता, गाडी बिघडली, वाट वळवली, वगैरे. वर्षाच्या अहवालात ही नोंद टक्केवारीत विरघळून जाते, पण आगारात ती असते. कुठल्याही फेरीचा माग काढायचा तर तिथून काढता येतो. इंदापूर आगाराकडं माहिती अधिकाराचा अर्ज करून, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून, साध्या भाषेत एवढंच मागा : मार्च 2020 आधी वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुकला ठरलेल्या फेऱ्या किती आणि कोणत्या वेळेच्या, आणि त्यातल्या आज वेळापत्रकात किती आहेत. तोटा किती झाला हे विचारू नका, ते ते न विचारता सांगतील. (हशा) वेळापत्रक मागा, दोन्ही वर्षांचं. उत्तर आलं की ग्रामसभेत वाचा, आणि त्याची एक प्रत इथल्या आयोजकांकडंही द्या, ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी ज्यांनी आपापल्या आगारात असा अर्ज केला असेल त्यांनीही पाठवा, सगळ्यांची उत्तरं एकत्र ठेवता येतील.

हडपसर आणि स्वारगेटहून पुढच्या पीएमपीच्या मार्गांबद्दल काही जणांनी आधीच चिठ्ठ्या दिल्यात, तेव्हा तिथून प्रश्नांना सुरुवात करू.